डावीकडे झुकलेला पाऊस

शुभा राजूरकर डावखुरी आहे हे ॲन आर्बरमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण तोही विसरून गेला होता. आता तुम्ही म्हणाल, त्यात लपवायचं काय? अमेरिकेत माणूस डाव्या हाताने लिहितो की पायाने लिहितो, याचं कुणाला काही पडलेलं नसतं. खरंय. पण अकोल्यात लहानपणी जे हाडात मुरलं ते मुरलं. ते व्हिसाच्या शिक्क्याने जात नाही.

तिने डाव्या हाताने घास उचलला की आई हातावर फटका द्यायची. प्रसादाला डावा हात पुढे आला की देवळातले लोक आईकडे बघायचे, आणि आई घरी येऊन तिच्याकडे बघायची. पहिलीत असताना तर एक आख्खा महिना आईने तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता. आई काही दुष्ट नव्हती हो. मुलीला उद्या सासरी कुणी बोल लावू नये, एवढंच तिला वाटत होतं. महिन्याने शुभा उजव्या हाताने लिहायला लागली आणि आईने सगळ्या आळीत पेढे वाटले.

चित्रं मात्र ती लपून डाव्याच हाताने काढायची. आठवीत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी चालू होती. घरून तिने एक तांब्या काढून आणला, सावलीसकट. गुळवे सरांनी कागद लांबूनच पाहिला आणि विचारलं, "ही सावली कुठल्या हाताने केलीस?"

"उजव्या," शुभा म्हणाली.

"खोटं. माणूस खोटं बोलतं, पोरी, रेघ नाही बोलत. उजव्या हाताची तिरपी रेघ वरच्या बाजूला उजवीकडे झुकते. तुझ्या सगळ्या रेघा वर डावीकडे झुकल्यात. उलटी सावली आहे ही. खोड आणि परत कर."

तिने खोडलं. उजव्या हाताने परत केलं. तांब्याला पोचा आल्यासारखा दिसायला लागला. परीक्षेत सी ग्रेड मिळाली आणि तिने पेन्सिल जी ठेवली ती ठेवलीच.

पुढे बी.एस्सी. झालं, लग्न झालं, नवरा श्रीराम मोटारींच्या कंपनीत इंजिनियर म्हणून मिशिगनला आला आणि शुभा त्याच्या मागोमाग. 'अहो'चं 'अरे श्रीराम' व्हायला पाच वर्षं लागली आणि बर्फात गाडी चालवायला सात. मुलगी नेत्रा मोठी होऊन सिॲटलला गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा गावातल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात शुभा फुकट काम करायला लागली. आधी धूळ पुसायची. मग वस्तूंचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायची. दोन वर्षांनी त्यांनी तिला पगारावर घेतलं. तिच्या नावापुढे कसलीही मोठी डिग्री नव्हती. मीटिंगमध्ये ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. अकरा वर्षं हेच.

पण एका बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती म्हणजे काळ्या मडक्यांचे फोटो.

न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो आदिवासींच्या गावांमधली ही मडकी. त्यांना चाक लागत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करतात आणि वाळलं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासघासून त्याला तकाकी आणतात. मग पातळ कालवलेल्या मातीने, बारीक कुंचल्याने नक्षी काढतात. भाजताना ऐन वेळी आगीवर घोड्याच्या वाळक्या लिदीचा भुगा ओतून धूर आतल्या आत कोंडतात, आणि लाल मडकं काळंभोर होऊन बाहेर येतं. घासलेला भाग आरशासारखा चमकतो, रंगवलेला भाग मंद राहतो. काळ्यावर काळं. समोरून फ्लॅश मारला तर नुसता झगझगाट, नक्षी गायब. शुभाने महिनाभर खटपट करून शोधून काढलं होतं, की दिवा अगदी खाली, टेबलाच्या कडेशी ठेवायचा आणि उजेड आडवा सोडायचा. मग कुंचल्याच्या एकेका केसाची खूण दिसते.

संग्रहालयात अशी चार मडकी होती. चारींच्या बुडाशी एकच नाव कोरलेलं होतं, 'कॅसिल्डा'. ही कॅसिल्डा फार नामांकित कुंभारीण. हयात नव्हती, पण तिचं नाव पुस्तकांत होतं. ऑक्टोबरमध्ये नवीन दालन उघडायचं होतं आणि त्यात सगळ्यात पुढे, काचेच्या पेटीत एकटं, चौथ्या नंबरचं मडकं ठेवायचं ठरलं होतं. त्याच्या खांद्यावरून पायऱ्यापायऱ्यांचे ढग फिरत होते आणि प्रत्येक ढगाखाली पाऊस, म्हणजे बारीक तिरप्या रेघा. शुभाने त्याचा फोटो वेबसाइटवर टाकला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तो फोटो पाहून सप्टेंबरात एका सोमवारी न्यू मेक्सिकोहून एक म्हातारी आली. नाव डेल्फिना, वय एक्याऐंशी. तिची मुलगी लिओना अडीच दिवस गाडी चालवत तिला घेऊन आली होती. डेल्फिना ठेंगणी, गोल चेहऱ्याची, खांद्यावर फुलाफुलांची शाल. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं, पण शुभाला ती पहिल्या मिनिटापासून मावशीच वाटली.

क्युरेटर कॅरोलिनने त्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. शुभा आपली भिंतीकडेच्या खुर्चीत.

"ते मडकं कॅसिल्डाचं नाही," डेल्फिना म्हणाली. "कॅसिल्डा माझी आत्या. मडकं माझ्या आईचं आहे. फिलोमेना तिचं नाव. मी सात वर्षांची होते, तिच्या शेजारी बसले होते. तिने मला सांगितलं होतं, हलू नकोस, मी पाऊस काढतेय."

"पण खाली सही कॅसिल्डाची आहे," कॅरोलिन म्हणाली.

"सही आईनेच केली. व्यापारी यायचे, ते कॅसिल्डाचं नाव असेल तरच मडकं उचलायचे. आत्या म्हणाली, माझं नाव घाल, आपलं घर एकच आहे. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही." तिने शाल सावरली. "मला आता वाटतं. आईची इतकी मडकी जगभर गेली आणि एकावरही ती नाही. मी गेले की ती होती हे सांगणारं कुणी उरणार नाही. तिचं नाव त्या पाटीवर बघायला मी आलेय."

कॅरोलिन वाईट बाई नव्हती. तिने फोटो आहे का विचारलं, पत्र विचारलं, व्यापाऱ्याची चिठ्ठी विचारली. यातलं काहीच नव्हतं. लिओनाने टॉवेलात गुंडाळलेला एक छोटा काळा वाडगा टेबलावर ठेवला. हा मात्र फिलोमेनाने घरासाठी केलेला होता, कधी विकलाच नव्हता. त्यावरही तेच ढग होते आणि तोच पाऊस.

"सुंदर आहे," कॅरोलिन म्हणाली. "पण नक्षी सगळ्या घराची असते. आत्याही हेच ढग काढायची. यावरून हात कुणाचा हे सिद्ध होत नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो, पण विश्वासावर मला पाटी बदलता येत नाही. शुक्रवारी पाट्या छापायला जातात."

डेल्फिना हातात हात घेऊन बसून राहिली. शुभाला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण बोलणार काय? आणि बोलणारी ती कोण?

मंगळवारी तिला पाटीसाठी त्याच मडक्याचा जवळून फोटो काढायचा होता. तिने खोलीचे पडदे ओढले, दिवा टेबलाच्या कडेशी ठेवला, आडवा उजेड सोडला आणि पावसावर कॅमेरा रोखला. आणि तिला अकोल्याचा वर्ग दिसला. फळा, खडूची धूळ, गुळव्यांचा करडा चष्मा, सगळं.

रेघा वर डावीकडे झुकलेल्या होत्या.

तिने डोळे चोळले. शेल्फवरून उरलेली तिन्ही मडकी आणली आणि एकामागून एक दिव्याखाली धरली. तिन्हींवर पाऊस वर उजवीकडे झुकलेला. चौथं परत दिव्याखाली ठेवलं. त्यावरचा पाऊस डावीकडे. हेच मडकं तिने याआधी वीस वेळा बघितलं होतं! बघितलं होतं आणि काही खटकलं नव्हतं, कारण त्या रेघा तिच्या नजरेला सरळच वाटत होत्या. तिने स्वतः काढल्या असत्या तर अशाच काढल्या असत्या.

घरी गेल्यावर तिने श्रीरामला सगळं सांगितलं. तो भाजीत चमचा तसाच धरून ऐकत राहिला.

"मग बोल की उद्या," तो म्हणाला.

"मी काय बोलू? तिथे पीएच.डी. केलेली माणसं आहेत. म्हणतील, फोटो काढणारी बाई आम्हाला शिकवायला लागली."

"त्यांच्यात डावखुरं कोण आहे?"

शुभाने विचार केला. कॅरोलिन उजवी. संचालक उजवे. "कुणी नाही."

"मग त्यांना कसं दिसणार? यार, शुभा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या मास्तरने तुला जे खोडायला लावलं, ते आज त्या बाईच्या कामी येतंय आणि तू गप्प बसणार?"

श्रीराम एरवी फार शहाणं बोलतो असं नाही. त्या दिवशी बोलला.

बुधवारी डेल्फिना निरोप घ्यायला आली. तिला फक्त एकदा मडकं हातात घेऊन बघायचं होतं. कॅरोलिनने ते आणून टेबलावर मऊ गादीवर ठेवलं. डेल्फिनाने बोटाने ढगांवरून एक फेरी मारली आणि मान खाली घातली. तेवढ्यात भिंतीकडची खुर्ची करकरली. शुभा उठून उभी राहिली होती. 

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "डेल्फिना, लहानपणी जेवताना तुम्ही आईच्या कुठल्या बाजूला बसायचात?"

कॅरोलिनने चमकून पाहिलं. हा काय प्रश्न?

"उजव्या," डेल्फिना लगेच म्हणाली. "नेहमी उजव्या. डावीकडे बसलं की तिचं कोपर लागायचं. भावाच्या कपाळाला तर एकदा एवढं टेंगूळ..." आणि ती मध्येच थांबली. शुभाकडे बघत राहिली. "ती लिहायची उजव्या हाताने. सरकारी निवासी शाळेत तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे. पण बाकी सगळं, माती, कुंचला, सगळं ती डाव्या हातानेच करायची. हे तुला कसं कळलं?"

 बाकाला बांधलेला हात आणि फ्रॉकच्या पट्ट्यातला हात. कुठे अकोला आणि कुठे ते गाव! पण आता रडायची वेळ नव्हती. तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि पाचसहा तिरप्या रेघा ओढल्या. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली. चव्वेचाळीस वर्षांनी. रेघा आल्या त्या सरसर, एकसारख्या, जणू हात इतकी वर्षं दाराआड उभा राहून बोलावण्याची वाट बघत होता.

"उजव्या हाताच्या वर उजवीकडे झुकतात," ती म्हणाली. "डाव्या हाताच्या डावीकडे. आता हे बघा." दिवा आणि बाकीची मडकी तिने सकाळीच खोलीत आणून ठेवली होती. तिने दिवा आडवा ठेवला. तीन मडकी एका बाजूला, चौथं दुसऱ्या बाजूला.

कॅरोलिन वाकली. भिंग घेतलं. चारही मडक्यांवरून फिरवलं. मग सरळ होऊन म्हणाली, "झुकाव वेगळा आहे, मान्य. पण कॅसिल्डाने हे एक मडकं मांडीवर उलटं धरून रंगवलं असेल तर? उलटं धरलं की रेघा उलट्या दिसतील."

प्रश्न बिनतोड होता. डेल्फिनाचा चेहरा पडला. लिओनाने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

शुभा मात्र हसली. मीटिंगच्या खोलीत अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने रेघांचा कागद कॅरोलिनसमोर सरकवला. "उलटा करून बघ."

कॅरोलिनने कागद फिरवला. वरची बाजू खाली, खालची वर. बघितलं. परत फिरवला. परत बघितलं. डावीकडे झुकलेल्या रेघा डावीकडेच झुकलेल्या होत्या. तिरपी रेघ उलटी केली तरी तिचा झुकाव बदलत नाही. घरी एक रेघ ओढून बघा, पटत नसेल तर.

"माय गॉड," कॅरोलिन हळूच म्हणाली.

"आणि अजून एक," शुभा म्हणाली. आता तिला कोण थांबवणार होतं! "तो घरचा वाडगा कुठे आहे?"

वाडगा लिओनाच्या पिशवीत, टॉवेलात. सोमवारपासून ह्याच इमारतीत ये-जा करत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. सोमवारी सगळ्यांनी त्यावरचे ढग बघितले होते, पाऊस कुठे झुकलाय ते कुणी बघितलंच नव्हतं. वाडगा दिव्याखाली आला. चौघींची डोकी एकमेकींना लागली.

पाऊस डावीकडे झुकलेला होता.

कॅरोलिनचा एक गुण सांगायलाच हवा. चुकलं की ती मान्य करते, आणि मान्य केलं की मागे हटत नाही. तिने लिओनाकडून वाडगा मागून घेतला आणि गुरुवारचा आख्खा दिवस भिंग घेऊन दोन्ही भांड्यांवरची एकेक रेघ तपासली. मडक्यावर एकशे बासष्ट भरल्या, वाडग्यावर अठ्ठेचाळीस. एकही उजवीकडे झुकलेली नव्हती. आत्याच्या तिन्ही मडक्यांवर एकही डावीकडे नव्हती. डेल्फिनाची हकिगत तिने तिच्याच शब्दांत लिहून घेतली, ती फायलीत लावली आणि संचालकांच्या खोलीत गेली. बाहेर आली ती अंगठा वर करूनच. शुक्रवारी सकाळी पाटी बदलून छापायला गेली.

पाटी छापायला जाण्याआधी कॅरोलिनने डेल्फिनाला फोन करून विचारलं होतं, "डाव्या हाताने रंगवलं, हे पाटीवर घालू का? की ते राहू दे?"

"घाल," डेल्फिना म्हणाली. "नावाखाली लगेच घाल."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दालन उघडलं. दुपारची वेळ, बाहेर मेपलची पानं लाल झालेली. डेल्फिना परत आली होती, या वेळी विमानाने, आणि बरोबर घरची नऊ माणसं. काचेच्या पेटीत मडकं होतं आणि दिवा शुभाने स्वतः लावला होता, खाली, कडेशी, आडवा. पाटीवर लिहिलं होतं: 'पावसाचे मडके. घडण आणि चित्रण फिलोमेना. डाव्या हाताने रंगवले. सही नणंद कॅसिल्डाच्या नावाने.'

डेल्फिनाने चष्मा लावला आणि पाटी मोठ्याने वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. मग घरच्यांकडे वळून तिसऱ्यांदा, फक्त नाव. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती खुशाल हसत होती. नऊच्या नऊ माणसांनी ते नाव तिच्यामागून म्हटलं. आजूबाजूचे पाहुणे हातातले ग्लास धरून उभे राहिले. शुभाला वाटलं, छातीत मावत नाहीये हे.

डेल्फिनाने गर्दीतून तिला बरोबर हुडकून काढलं आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"माझ्या आईला आयुष्यभर वाटायचं की तिचा हात चुकीचा आहे," ती म्हणाली. "मी तिला लाख सांगितलं. आज तू दाखवलंस."

"माझ्या आईला वाटायचं की माझा," शुभा म्हणाली.  दोघी तशाच उभ्या राहिल्या.

दाराशी पाहुण्यांची वही ठेवली होती. आधी डेल्फिनाने सही केली आणि पेन शुभाकडे दिलं. शुभाने ते उजव्या हातात घेतलं, मग डाव्या हातात घेतलं, आणि सावकाश, जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलीसारखं मराठीत स्वतःचं नाव लिहिलं. खाली तीन तिरप्या रेघा ओढल्या.

श्रीराम खांद्यावरून डोकावत होता. "काय गं हे कोंबडीचे पाय? आणि या रेघा कसल्या, उलट्या?"

"वही फिरव," शुभा म्हणाली.

त्याने वही फिरवली. नाव उलटं झालं. रेघा होत्या तशाच राहिल्या.